पिवळ्या रेषेच्या अलीकडे

सांगलीच्या एका मुलाने विचारलं आहे: "मी विमान शिकायला सुरुवात करतोय. आधी कराडसारख्या छोट्या, कंट्रोल टॉवर नसलेल्या धावपट्टीवर आणि मग मोठ्या विमानतळावर. हवेत चूक झाली तर समजू शकतो, पण जमिनीवर, डोळ्यांना सगळं दिसत असताना विमानं एकमेकांसमोर येतातच कशी? टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, नक्की काय काय बघायचं? धाकटा भाऊ ग्राउंड स्टाफमध्ये लागतोय, त्यानेही काय सांभाळायचं ते सांगा. लहानपणी आम्ही कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर सायकली फिरवल्यात, त्यामुळे मला तरी ती जागा नेहमी सुरक्षितच वाटत आली आहे."

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण उत्तराची गाठ तिथेच आहे. वापरात नसलेली धावपट्टी म्हणजे मोकळं माळरान. चालू धावपट्टी मात्र रिकामी दिसली तरी रिकामी नसते. कुणीतरी तीन किलोमीटरवरून तिच्याकडे येत असतं आणि मिनिटाभरात ती त्याची होणार असते. डोळ्यांना दिसतं म्हणतोस, पण टॅक्सी करताना डोळे जे ठरवलंय तेच बघतात. आपल्याला परवानगी मिळाली आहे अशी एकदा खात्री झाली, की समोरचा लाल दिवासुद्धा नजरेतून सुटतो.

जमिनीवरचे मोठे अपघात काढून बघ. विमान हाकता येत नव्हतं म्हणून झालेला अपघात त्यात क्वचितच सापडेल. वैमानिक वर्षानुवर्षं उडवणारे असतात. चूक दोनपैकी एका जागी होते: मी नक्की कुठे आहे, किंवा मला नक्की कुठपर्यंत परवानगी आहे. चाकं फिरत असताना या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तोंडाने सांगता यायला हवीत. त्यातल्या एकाचंही उत्तर "बहुतेक" असेल, तर विमान थांबवायचं.

परवानगीच्या घोटाळ्याचं सगळ्यात भयंकर उदाहरण टेनेरिफ या स्पेनच्या बेटावरचं. २७ मार्च १९७७. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे बरीच विमानं लॉस रोदेओस या लहान विमानतळावर वळवलेली. टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर, विमानं उभी, म्हणून निघणाऱ्यांना धावपट्टीवरूनच उलटं चालत टोकाला जावं लागत होतं. त्यात धुकं उतरलं. केएलएम या डच कंपनीचं ७४७ विमान टोकाला पोहोचून वळून उभं राहिलं, अमेरिकन कंपनी पॅन अ‍ॅमचं ७४७ त्याच धावपट्टीवरून मागून येत होतं. केएलएमला टॉवरने मार्गाची परवानगी दिली, म्हणजे उड्डाण झाल्यावर कुठे वळायचं आणि किती उंचीवर जायचं ते सांगितलं. उड्डाणाची परवानगी दिली नव्हती. सहवैमानिकाने ते परत वाचून दाखवलं आणि शेवटी "वी आर नाऊ अ‍ॅट टेक-ऑफ" असं काहीसं म्हणाला. टॉवरला वाटलं, हे टोकाला उभे आहेत असं सांगताहेत. विमान मात्र धावायला लागलं होतं. टॉवर म्हणाला, "ओके", आणि पुढे थांबायला सांगितलं. त्याच क्षणी पॅन अ‍ॅमने "आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत" असं कळवलं. दोन आवाज एकमेकांवर आदळून नुसती शिट्टी झाली आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्वच्छ ऐकू आला तो फक्त "ओके". फ्लाइट इंजिनिअरने विचारलंसुद्धा, की पॅन अ‍ॅम बाजूला झालंय ना. कॅप्टनने ठामपणे हो म्हटलं. ५८३ माणसं गेली.

तेव्हापासून रेडिओवर "टेक-ऑफ" हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात. बाकी सगळीकडे "डिपार्चर". तुला हा नियम पाठ करायला सांगतील. तो का आला ते माहीत असेल तर तोंडातून चुकूनही वेगळं निघणार नाही.

जागेचा घोटाळा म्हणजे मिलानचा लिनाटे विमानतळ, ८ ऑक्टोबर २००१. दाट धुकं. छोट्या सेसना सायटेशन जेटला आर-५ टॅक्सीवेने उत्तरेकडे जायला सांगितलं. वैमानिकाने "आर-५" असंच बरोबर परत वाचलं आणि विमान घातलं आर-६ वर, म्हणजे थेट चालू धावपट्टीकडे. वाटेत जमिनीवर "एस-४" अशी खूण दिसली, ती त्याने टॉवरला सांगितली. टॉवरच्या नकाशात एस-४ नावाची जागाच नव्हती. जमिनीवरची विमानं दाखवणारा रडार चालू नव्हता. सायटेशन धावपट्टीवर शिरलं तेव्हा उड्डाणाच्या वेगात आलेलं एमडी-८७ प्रवासी विमान त्यावर आदळलं. ११८ जण गेले. यात सगळ्यात जास्त लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे रीडबॅक (परवानगी परत वाचून दाखवणं) अचूक होता. शब्द बरोबर आणि जागा चुकीची, असं होऊ शकतं. म्हणून पाटी, नकाशा आणि होकायंत्र, तिन्ही जुळले तरच आपण म्हणतो तिथे आहोत असं धरायचं.

आणि हे जुनं झालं असं समजू नकोस. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर तटरक्षक दलाच्या डॅश-८ ला "नंबर वन, होल्डिंग पॉइंट सी-५ पर्यंत टॅक्सी" असं, म्हणजे धावपट्टीच्या अलीकडच्या थांबायच्या जागेपर्यंतच यायला सांगितलं होतं. नंबर वन म्हणजे निघणाऱ्यांच्या रांगेत पहिला, एवढाच त्याचा अर्थ. विमान मात्र रेषा ओलांडून धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं, सुमारे ४० सेकंद. मागून उतरणारं एअरबस ए३५० त्यावर आदळलं. ए३५० मधले ३७९ च्या ३७९ लोक जळत्या विमानातून बाहेर पडले, छोट्या विमानातल्या सहांपैकी पाच जण गेले. त्यानंतर तिथे काही काळ "नंबर वन" म्हणणंच थांबवलं होतं.

आता ती रेषा. टॅक्सीवे धावपट्टीला मिळण्याआधी जमिनीवर आडव्या चार पिवळ्या रेषा असतात, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेषा तुझ्या बाजूला असतील तर तू धावपट्टीच्या बाहेर आहेस आणि परवानगीशिवाय पुढे जायचं नाही. तुटक रेषा तुझ्या बाजूला असतील तर तू धावपट्टीच्या आत आहेस आणि बाहेर पडायला मोकळा आहेस. बाजूला लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचा क्रमांक असतो. लाल पाटी म्हणजे हुकूम. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे रस्ता कुठे जातो ती दिशा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे तू आत्ता जिथे आहेस ती जागा. काही ठिकाणी दोन पिवळे दिवे आलटूनपालटून लुकलुकत असतात, ते धावपट्टी जवळ आल्याची सूचना. रस्त्यात आडवे लाल दिवे पेटलेले असले तर तोंडी परवानगी मिळाली असली तरी ते ओलांडायचे नाहीत, आधी टॉवरला विचारायचं.

रेषेपासून धावपट्टीची मध्यरेषा किती लांब? छोट्या, फक्त डोळ्यांनी उतरायच्या धावपट्टीला ३० ते ४० मीटर, मोठ्या आणि आयएलएस (रेडिओ लहरींनी उतरायची वाट दाखवणारी यंत्रणा) असलेल्या धावपट्टीला ९० मीटर. नव्वद मीटर लांबून डांबरी पट्टा पार पुढे दिसतो, म्हणून नवख्याला वाटतं अजून जागा आहे, थोडं पुढे घेऊ. ती जागा रिकामी ठेवलेली असते उतरणाऱ्याच्या पंखासाठी, त्याच्या घसरण्यासाठी आणि आयएलएसच्या लहरी मोडू नयेत म्हणून. विमानाचं नाक जरी सलग रेषेवरून पुढे गेलं तरी ती धावपट्टीवरची घुसखोरीच धरतात. उतरून बाहेर पडताना उलटं: नाक नव्हे, शेपूट रेषेच्या पलीकडे गेल्यावरच "रनवे व्हेकेटेड" (धावपट्टी मोकळी केली) म्हणायचं. रेषा ओलांडल्या ओलांडल्या थांबून चेकलिस्ट काढून बसणारे बरेच असतात, आणि शेपूट आत राहिलेलं असतं.

रेडिओवर बोलताना एक सवय आजपासूनच मोडायची, ती म्हणजे नुसतं "रॉजर" (ऐकलं) म्हणणं. धावपट्टीवर शिरणं, तिच्यावर उतरणं, उड्डाण, ओलांडणं, तिच्यावरून उलटं चालणं आणि तिच्या अलीकडे थांबणं, या सहा गोष्टींची परवानगी किंवा हुकूम शब्दशः परत वाचायचा, शेवटी आपला कॉलसाइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव. टॉवर म्हणाला "होल्ड शॉर्ट ऑफ रनवे टू एट" (धावपट्टी २८ च्या अलीकडे थांब), तर उत्तर "होल्डिंग शॉर्ट ऑफ रनवे टू एट" आणि कॉलसाइन. "होल्डिंग" एवढंच म्हटलं तर टॉवरला पुन्हा विचारावं लागतं, आणि त्या वेळात दुसऱ्याचा निरोप अडकतो. "लाइन अप अँड वेट" म्हणजे धावपट्टीवर जा, तोंड करून उभा राहा, धावू नकोस. एक अट घातलेली परवानगीही मिळते, म्हणजे उतरणारं एटीआर (एक प्रोपेलर विमान) पुढून गेल्यावर त्याच्या मागे धावपट्टीवर जायचं: "बिहाइंड द लँडिंग एटीआर, लाइन अप बिहाइंड." त्यात "बिहाइंड" मुद्दाम दोनदा असतं, ते दोन्ही परत म्हणायचं, आणि तो एटीआर डोळ्यांनी ओळखल्याशिवाय ती परवानगी घ्यायचीच नाही. धावायला सुरुवात झाल्यावर टॉवरकडून "स्टॉप इमीजिएटली" आलं तर कारण विचारत बसू नकोस. पॉवर बंद, ब्रेक, मग बोल.

ऐकू आलं नाही तर "से अगेन", म्हणजे पुन्हा सांगा. यात लाज कसली? आपल्याकडची मुलं हुशार असतात, पण पाचसहा जण ऐकताहेत म्हटल्यावर पुन्हा विचारायला कचरतात आणि अर्धं ऐकलेलं मनाने पुरं करतात. कंट्रोलरला पुन्हा सांगायला दोन सेकंद लागतात आणि तो त्याचं कामच करत असतो.

आता प्रत्यक्ष टॅक्सी. इंजिन सुरू करण्याआधीच विमानतळाचा नकाशा मांडीवर घे आणि जायचा रस्ता बोटाने फिरवून बघ. नकाशावर जिथे गोल करून "हॉट स्पॉट" लिहिलंय तिथे पूर्वी लोक चुकलेले असतात. परवानगी मिळाली की लिहून घे, डोक्यात ठेवू नकोस. बीकन, म्हणजे लुकलुकणारा लाल दिवा, आधी लावायचा, मग खिडकीतून "क्लिअर प्रॉप" (पंख्यापासून लांब व्हा) मोठ्याने ओरडायचं, उत्तराला वेळ द्यायचा, मग स्टार्टर. विमान हललं की पहिल्या दोनतीन मीटरमध्येच ब्रेक दाबून बघायचा, तुझाही आणि प्रशिक्षकाचाही. ब्रेक लागत नाहीत हे पार्किंगच्या रांगेत कळलं तर इंजिन बंद करून सुटता येतं.

एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, वेग भरभर चालणाऱ्या माणसाएवढा. मोकळ्या सरळ टॅक्सीवेवर मोठी विमानंही २० नॉटच्या (ताशी सुमारे ३७ किलोमीटर) आसपासच राहतात, वळणावर १०. सेसना १७२ सारखं विमान हजार आरपीएमच्या आसपास आपोआप चालतं. पॉवर जास्त ठेवून ब्रेकने वेग धरायचा हा नवख्यांचा ठरलेला दोष: डिस्क तापते, आणि खरा ब्रेक लागतो तेव्हा तो मऊ पडलेला असतो. आधी पॉवर कमी करायची, मग ब्रेक.

पावसाळ्यात पश्चिमेचा वारा कोयनेच्या खोऱ्यातून कसा घुसतो ते तुला माहीतच आहे. वरून पंख असलेलं हलकं विमान या वाऱ्यात जमिनीवरही उलटू शकतं. वारा पुढून डावीकडून असेल तर योक, म्हणजे विमान वळवायचं हँडल, डावीकडे. मागून डावीकडून असेल तर योक उजवीकडे आणि पुढे दाबलेला. वळलास की वाऱ्याची दिशा विमानाच्या हिशोबाने बदलते, त्याबरोबर हातही बदलला पाहिजे. आणि टॅक्सी चालू असताना चेकलिस्ट, जीपीएस, टॅबलेट यांपैकी कशातही डोकं घालायचं नाही. काही लिहायचं असेल तर थांब, पार्किंग ब्रेक लाव, मग लिही.

धावपट्टीवर तोंड करून उभा राहिलास की डांबरावरचा आकडा आणि होकायंत्र जुळवून बघ. कराडची धावपट्टी १०/२८, म्हणजे एका टोकाला सुमारे १०० अंश आणि दुसऱ्याला २८०. २८ वर उभा असशील तर होकायंत्रात २८० च्या आसपास दिसलं पाहिजे. एकच धावपट्टी असताना हे कशाला, असं वाटेल. २७ ऑगस्ट २००६ ला अमेरिकेत लेक्सिंग्टनला पहाटेच्या अंधारात एक जेट २२ ऐवजी २६ या छोट्या धावपट्टीवर उभं राहिलं आणि धावलं. धावपट्टी पुरली नाही, ५० पैकी ४९ जण गेले. होकायंत्र ४० अंशांनी वेगळं दाखवत होतं. सवय छोट्या जागी लागते, मोठ्या जागी ती आपोआप कामाला येते.

टॉवर नसलेल्या जागेचं मात्र वेगळं लिहायला हवं, कारण तुझी सुरुवात तिथेच आहे. कराडची धावपट्टी १९५० च्या दशकात कोयना धरणाच्या कामासाठी झाली, लांबी सुमारे १२८० मीटर. अशा छोट्या जागांना बहुतेक वेळा धावपट्टीशेजारून जाणारा टॅक्सीवे नसतो, त्यामुळे टोकाला जायचं तर धावपट्टीवरूनच उलटं चालावं लागतं. त्याला बॅकट्रॅक म्हणतात. आता हिशोब कर. १५ नॉटने १२८० मीटर जायला पावणेतीन मिनिटं लागतात, टोकाला वळायला अजून थोडी. उतरायला आलेलं छोटं विमान ६५ नॉटवर असेल तर शेवटचे दोन किलोमीटर ते मिनिटाभरात संपवतं. म्हणजे तू निघालास तेव्हा आभाळ मोकळं होतं याला काही अर्थ नाही, तू मध्यावर असताना कुणीतरी येऊ शकतं. म्हणून रेषेवर थांबल्यावर विमान थोडं तिरपं उभं कर, म्हणजे फायनल (उतरण्याआधीचा धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा सरळ टप्पा) आणि बेस (त्याआधीचा आडवा टप्पा) दोन्हीकडचं आभाळ काचेतून दिसेल. वरून पंख असलेल्या विमानात पंख नेमका वळणारं विमान झाकतो. एका टोकाकडे बघून भागत नाही. वारा कमी असेल तर कुणी उलट्या टोकानेही उतरत असतं. दोन्ही फायनल, दोन्ही बेस, मग धावपट्टीची पूर्ण लांबी, मग रेडिओ. कोण, कुठे, काय करतोय, कुठल्या धावपट्टीवर, आणि विमानतळाचं नाव सुरुवातीला आणि शेवटी. शिरताना एकदा, टोकाला वळल्यावर एकदा, धावायच्या आधी एकदा. स्ट्रोब (पंखांच्या टोकांचे लखलखणारे दिवे) आणि लँडिंग लाइट रेषा ओलांडण्याआधीच लावायचे. उत्तर आलं नाही म्हणजे कुणी नाही, असं होत नाही. रेडिओ बंद पडलेलं, चुकीची फ्रिक्वेन्सी लावलेलं किंवा रेडिओच नसलेलं विमान कुणाला उत्तर देणार?

टॅक्सी करताना वाट चुकल्याचं लक्षात आलं तर थांबायचं आणि सांगायचं, हा सर्वसाधारण नियम. त्याला एकच अपवाद आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. आपण धावपट्टीवर आहोत की काय अशी शंका आली, तर जागच्या जागी थांबून विचार करायचा नाही. लगेच ओरडून सांगायचं आणि जवळच्या वाटेने बाहेर पडायचं.

छोट्या धावपट्टीवर विमानापेक्षा दुसऱ्याच गोष्टी जास्त आडव्या येतात. तुझ्यासारखीच सायकल फिरवणारी मुलं, पहाटे फिरायला आलेली माणसं, वैरणीच्या वाटेने शिरलेली जनावरं, ऊन खात पडलेली कुत्री. हे खेड्यातलंच आहे असं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरतला रात्री उड्डाण घेणाऱ्या बोइंग ७३७ ला म्हैस धडकली. १५ फेब्रुवारी २०२० ला पुण्यात दिल्लीला निघालेल्या ए३२१ च्या वैमानिकांना धावपट्टीवर समोर जीप आणि माणूस दिसला, तेव्हा वेग १२० नॉटच्या आसपास होता. थांबायला वेळ नव्हता, त्यांनी ठरल्यापेक्षा आधीच विमान उचललं, शेपटीकडचा भाग घासला, पण विमान दिल्लीत सुखरूप उतरलं. टोकापासून टोकापर्यंत धावपट्टी गाडीने तपासल्याशिवाय पहिलं उड्डाण करायचं नाही, हे तुझ्या प्रशिक्षकांना विचारून रोज होतंय की नाही ते बघ.

आपल्या भागात ऊसतोडीच्या हंगामात पाचटाचं विशेष आहे. वाळलेलं पाचट वाऱ्याने धावपट्टीवर येतं, पेटवलं तर धूर फायनलवर पसरतो. रान नांगरत असेल तर ट्रॅक्टरमागे बगळ्यांचा थवा असतो आणि विमानाच्या आवाजाने तो एकदम उठतो. टिटवी तर मोकळ्या जमिनीवरच अंडी घालते, तिच्यासाठी धावपट्टीच्या कडेची खडी म्हणजे हक्काची जागा. एखादी टिटवी एकाच ठिकाणी परत परत ओरडत उठत असेल तर तिथे घरटं आहे असं समज आणि सांगून ठेव. कृष्णा-कोयनेच्या काठचं हिवाळ्यातलं सकाळचं धुकं हेही तसंच. प्रीतिसंगमावर सुंदर दिसतं, पण धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसत नसेल तर बॅकट्रॅक करायचा नाही. टॉवर नसताना तू त्या धावपट्टीवर एकटा आहेस हे ठरवायचं तुझ्याकडे एकच साधन आहे, ते म्हणजे नजर.

ओल्या धावपट्टीबद्दल थोडक्यात. पाण्याचा थर साचला की एका वेगाच्या वर टायर पाण्यावर तरंगतो, ब्रेक लागत नाही आणि दिशाही धरत नाही. ढोबळ सूत्र सोपं आहे: टायरमधली हवा पीएसआयमध्ये घे, तिचं वर्गमूळ काढ, ९ ने गुण, उत्तर नॉटमध्ये. ३६ पीएसआयला ५४ नॉट. म्हणजे छोटं विमान टेकतं जवळपास त्याच वेगाला. १९६ पीएसआयच्या मोठ्या टायरला १२६ नॉट. म्हणून पावसात उशिरा टेकणं, जास्त वेगाने येणं आणि मागून वारा, या तिन्हींतलं एकही चालत नाही. मंगळुरूला २०१० मध्ये आणि कोळिकोडला २०२० मध्ये विमानं धावपट्टीच्या पुढे गेली. दोन्ही विमानतळ डोंगरमाथा सपाट करून बांधलेले. पाचगणीच्या टेबललँडवर कडेला उभं राहून खाली बघ, म्हणजे तिथे पुढे जाणं याचा अर्थ काय ते कळेल. मोठ्या विमानतळांवर धावपट्टीच्या पट्ट्यापुढे किमान ९० मीटर मोकळी जागा ठेवावीच लागते आणि शक्यतो २४० मीटर ठेवायची शिफारस आहे ती याचसाठी. धावपट्टीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात विमान टेकलं नाही तर पुन्हा उडायचं, हा निर्णय हवेत नव्हे तर उतरायला निघण्याआधीच घेऊन ठेवायचा.

आता भावाचं. एप्रनवरचं काम दिसायला हमालीचं, पण तिथे चूक झाली तर शरीरावर येते. त्याला सांग, बीकन दिवा लुकलुकत असेल तोवर विमानाजवळ जायचं नाही, इंजिन थांबलेलं दिसलं तरी. फिरणारा प्रोपेलर दिसत नाही, नुसती झळ दिसते. एटीआर ७२ चा प्रोपेलर जवळजवळ चार मीटर व्यासाचा, म्हणजे माणसापेक्षा दुपटीने उंच. त्या विमानात प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि सामान पुढच्या दाराने, मध्ये प्रोपेलर. प्रवासी फोनवर बोलत सरळ चालत सुटतो, त्याला वळवायचं काम भावाचं. याच विमानाचं उजवं इंजिन कधी प्रोपेलर ब्रेकने धरून नुसतं वीज आणि हवेसाठी चालू ठेवतात. मोठा आवाज येतो, पंखा मात्र स्थिर. चारआठ दिवसांनी नवखा माणूस त्या आवाजाला सरावतो, आणि नेमका तोच सराव दुसऱ्या दिवशी घात करतो. बोइंग ७३७ चं इंजिन नुसतं आयडलवर असलं तरी समोर तीन मीटरच्या आत माणसाला ओढू शकतं, आणि मागे तीसेक मीटरपर्यंत झोत लागतो. गळ्यातली ओळखपत्राची दोरी, टोपी, सैल ओढणी किंवा रुमाल, काहीच लोंबतं नको. एप्रनवर पडलेला खिळा, बॅगेचं तुटलेलं चाक, प्लॅस्टिकची पट्टी दिसली की उचलून खिशात. २५ जुलै २००० ला पॅरिसमध्ये कॉनकॉर्डच्या टायरखाली आली ती दुसऱ्या विमानाची पडलेली धातूची पट्टी होती, हातभरसुद्धा नव्हती. ११३ माणसं गेली.

विमान मागे ढकलताना, म्हणजे पुशबॅकच्या वेळी, पंखाखाली जो चालतो त्याचं काम साताऱ्याच्या एसटी स्टँडवर कंडक्टर मागे उभा राहून गाडी घेतो तसंच आहे. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, कंडक्टर दिसेनासा झाला की गाडी थांबते. इथेही तसंच: पंखाजवळचा माणूस ट्रॅक्टरवाल्याच्या नजरेआड गेला की ट्रॅक्टर थांबला पाहिजे. फक्त इथे शिट्टी ऐकू येत नाही, हातच बोलतात, आणि कानावर मफ असल्यामुळे ओरडून उपयोग नाही.

पुशबॅकचा क्रम भावाने कागदावर लिहून पाठ करावा. सगळी दारं बंद, सामानाच्या गाड्या लांब. टो-बार, म्हणजे विमान आणि ट्रॅक्टर जोडणारा दांडा, लावायच्या आधी नाकाच्या चाकाजवळ स्टिअरिंग बायपास पिन घालायची, लाल फीत बाहेर लोंबती ठेवून. ही पिन नसेल आणि कॉकपिटमध्ये पेडल हललं, तर हायड्रॉलिकच्या जोराने चाक वळतं आणि टो-बार आडवा फिरून शेजारी उभ्या माणसाचे पाय मोडतो. टो-बार अडकल्याची खात्री, मग चॉक (चाकांना लावलेले ठोकळे) काढायचे. हेडसेटवर कॅप्टनकडून "ब्रेक्स रिलीज्ड" ऐकल्याशिवाय ट्रॅक्टर हलवायचा नाही. वळवताना नाकाच्या चाकाच्या दारावरच्या लाल खुणेच्या पुढे जायचं नाही, नाहीतर टो-बारची शेअर पिन तुटते. ती तुटण्यासाठीच केलेली आहे, पण ती तुटली की विमान मोकळं सुटतं. जागेवर आल्यावर "सेट पार्किंग ब्रेक" म्हणायचं आणि "ब्रेक्स सेट" हे उत्तर कानाने ऐकायचं. मग टो-बार सोडायचा, बायपास पिन काढायची, हेडसेट काढून झाकण लावायचं.

पिन विसरून आत राहिली तर विमान टॅक्सीवेवर वळतच नाही आणि वाटेतच अडकतं. म्हणून ती काढल्यावर कॅप्टनच्या बाजूला, पंखाच्या आणि इंजिनाच्या पुरतं बाहेर चालत यायचं, वळून उभं राहायचं आणि हात सरळ वर करून पिन दाखवायची. लाल फीत कॉकपिटमधून दिसली पाहिजे. कॅप्टनने ती बघून हात हलवला किंवा दिवा दाखवला, की मगच हात खाली घ्यायचा. तोवर तिथून हलायचं नाही.